दुसऱ्याच्या झेंड्याला वळसा

कावेलाच्या अलीकडे रस्ता समुद्राला अगदी चिकटून जातो. आम्ही तिथं पोचलो तेव्हा आणखी एक गाडी थांबली. काच खाली झाली.

"एमाआंटी! अगं, चालत कुठं निघालीस?"

"होलोहोलो," एमाआंटी म्हणाली आणि चालत राहिली.

तिच्या हातात वल्हं होतं. अंगात क्लबचा ओला टीशर्ट, गळ्यात सकाळी घातलेला पानांचा हार, आता दोरीसारखा झालेला. मागून मी, काखेत लिंबूभाताचं रिकामं पातेलं. आम्ही कौनाकाकाईच्या धक्क्यावरून, होड्यांच्या शर्यतींतून येतोय हे सांगायची गरज नव्हती. आणि शर्यतीत काय झालं तेही त्या गाडीवाल्याला ठाऊक होतं. पण तो गप्प बसला, कारण तो शब्द उच्चारला गेला होता.

आमच्या मोलोकाई बेटावर मासे धरायला निघालेला माणूस तसं बोलत नाही. माशांना ऐकू जातं. तो म्हणतो होलोहोलो, म्हणजे असंच, जरा हिंडायला. आणि एकदा कुणी होलोहोलो म्हणालं की पुढं विचारायचं नाही, ही रीत. एमाआंटी मासे धरायला कधीच जात नाही. ती हा शब्द बाकी सगळ्यासाठी वापरते. दाताच्या डॉक्टरकडे जाते तेव्हा होलोहोलो. जायचं टाळते तेव्हाही होलोहोलो.

गाडीवाला बिचारा काही करू शकला नाही, म्हणून त्यानं मला आंब्यांची पिशवी दिली. त्याच्या आधीच्यानं पाव दिला होता. त्याच्याही आधीच्या बाईनं वाळवलेले मासे. बसा म्हणता येईना, मग निदान काहीतरी द्यावं, असं प्रत्येकाला वाटत होतं. ते सगळं पातेल्यात गेलं. शनिवार, माझा उपास. मारुतीच्या वारी मी वाळवलेले मासे काखेत धरून चालले होते आणि मनात म्हणत होते, देवा, हे माझे नाहीत, तू बघतोयसच.

"जड झालं का?" आंटीनं मागं न बघता विचारलं.

"नाही."

"मग आंबे वर ठेव. खाली चेंगरतील."

ती गाडीत का बसत नव्हती, तर रस्त्यावर जी गाडी दिसेल ती क्लबमधल्या कुणाची ना कुणाची होती, नाहीतर त्याच्या भावाची, नाहीतर व्याह्याची. आणि त्या दिवशी दुपारी एमाआंटीनं क्लबची ट्रॉफी घालवली होती.

आमची होडी सहा जणींची. तिच्या डाव्या अंगाला, पाण्यावर तरंगणारा लाकडी हात असतो, आमच्या मालवणकडे त्याला उलांडी म्हणतात, तसाच. पहिल्या जागेवरची लय धरते, तिसरीवरची वल्हं बदलायची हाक देते, सहावी सगळ्यांच्या मागं बसून सुकाणू सांभाळते; झेंड्याकडे बघायचं काम तिचं एकटीचं, बाकीच्यांनी मान खाली घालून वल्हं मारायचं. सहावी जागा एमाआंटीची. मी पाचवी, म्हणजे तिच्या बरोबर पुढं. क्लबमध्ये माझं नाव कुणाला नीट घेता येत नाही, म्हणून सगळे मला माझ्या जागेच्या आकड्यानं हाक मारतात. सोळा वर्षं झाली, मी पाच आहे. माझे मिस्टर इथं बियाण्यांच्या शेतावर नोकरीला आले आणि आम्ही इथलेच झालो. मला पोहता येतं एवढं कळल्यावर एमाआंटीनं बाजारातून मला सरळ धक्क्यावर नेलं होतं. कुठं चाललोय विचारलं तेव्हा काय म्हणाली असेल ते सांगायला नको.

शर्यत अशी असते. प्रत्येक होडीची एक लेन. लेनच्या दुसऱ्या टोकाला पाण्यात एक झेंडा, त्यावर लेनचा आकडा. सरळ जायचं, आपल्या झेंड्याला डावीकडून वळसा घालायचा आणि परत यायचं. आमची लेन चौथी होती. आम्ही सगळ्यांच्या पुढं होतो. एमाआंटीनं वल्हं पाण्यात रोवलं, होडी अशी काही फिरली की उलांडीनं झेंड्याच्या अंगावर पाणीसुद्धा उडवलं नाही. इतकं देखणं वळण मी त्या धक्क्यावर पाहिलेलं नाही. ते पाचव्या झेंड्याला होतं.

पाचव्या लेनची होडी तिथं आली तेव्हा आम्ही तिच्या झेंड्यावर बसलेलो. त्या बायका काही बोलल्या नाहीत. त्यातल्या निम्म्या आंटीच्या हातचा भात खाऊन मोठ्या झाल्या आहेत. पंचांनी बाद केलं.

किनाऱ्यावर कुणीही आंटीला एक शब्द विचारला नाही. उलट दोन वेळा पोक, म्हणजे कालवलेले कच्चे मासे, खायला आणून दिलं. तिनं होडी धुतली, वल्हं उचललं आणि चालायला लागली. मी पातेलं उचललं.

चालता चालता ती म्हणाली, "तुमच्यात एकला काय म्हणतात?"

"एक."

"दोनला?"

मी सांगितलं. ती एकेक आकडा तोंडात घोळवत होती, रस्त्याच्या कडेच्या वेड्या बाभळींना काठीनं हाणावं तसं वल्ह्यानं हाणत. इथं त्या झाडाला कियावे म्हणतात. नाव बदललं तरी काटे तेच. तीन तिला लगेच आलं. चारला तिनं दोनदा तोंड वाकडं केलं. पाच आल्यावर थांबली.

"म्हणजे तू पाच."

"हो, मी पाच."

"बरं दिसतं. सहा?"

सहा झाल्यावर मी सात सांगायला लागले, तर म्हणाली, "पुरे. जास्त लागणार नाहीत." मला वाटलं, दमली असेल. एवढं मोठं दुःख झालं की माणूस काहीही विचारत बसतं, हेही मी पाहिलं आहे.

तिचं आडनाव कापुले. क्लबच्या फळ्यावर मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, सातारकडची कुणीतरी असणार. मी मोठ्या आनंदानं मराठीत विचारलं, तुम्ही कुठल्या? त्यावर पिवळ्या मुमू झग्यातली, माझ्या दुप्पट रुंद बाई मागं वळली आणि आपल्या भाषेत म्हणाली, याच रस्त्यावरची. प्रश्न कळला नव्हता, पण उत्तर बरोबर होतं. पुले म्हणजे त्यांच्यात प्रार्थना, आणि कापुले म्हणजे खुद्द ती प्रार्थनाच. होडी पाण्यात ढकलण्याआधी सगळे हात धरून पुले करतात. ती झाली की मी आपलं माझं रामनाम घेते, आणि वल्हं मारतानाही ते चालूच राहतं. पहिल्या वर्षी व्हर्नानं, म्हणजे आमच्या तिसऱ्या जागेनं, तक्रार केली होती की पाच काहीतरी पुटपुटते आणि माझी हाक ऐकू येत नाही. आंटी मागून म्हणाली, "देव आहे तो तिचा. बसू दे. त्याचं वजन नाही."

माझ्या चुकाही तिनंच निस्तरल्या. हाक देताना 'हट' म्हणतात. पहिल्या दिवशी पुढून मला कुणीतरी हट म्हणालं म्हणून मी मुकाट बाजूला सरकले आणि होडी उलटता उलटता राहिली. एका शनिवारी उपासाची केळी घेऊन होडीत बसायला गेले, तर बायका किंचाळत पाण्यात उतरल्या. होडीत केळं म्हणजे अपशकुन. केळी किनाऱ्यावर टाकून द्यायला मला जिवावर आलं. आंटीनं ती डझनभर केळी माझ्या हातातून घेतली, उभ्या उभ्या एकेक करून सगळी खाल्ली आणि सहाव्या जागेवर जाऊन बसली. "चला," ती म्हणाली. "आता ती केळी नाहीत. आता ती मी आहे."

ती याच रस्त्यावर, मासे पाळायच्या जुन्या तळ्याकाठी जन्मली. तळ्याला समुद्राच्या बाजूनं दगडी बांध आहे. तिचे वडील तो राखायचे. तरुणपणी अननसाच्या शेतात होती, मग निवृत्त होईपर्यंत शाळेच्या स्वयंपाकघरात. नवरा, सॉलोमन, रस्त्याच्या खात्यात रोलर चालवायचा. आम्ही चालत होतो तो रस्ता त्यानंच दाबलेला. एका रात्री झोपला तो सकाळी उठला नाही. "त्याला पूर्वीपासून उठायला वेळ लागायचा," एवढंच ती त्याबद्दल बोलते.

सहावी जागा तिला कुणी दिली नव्हती. क्लब सुरू झाला तेव्हा बायकांच्या होडीतही सुकाणूला पुरुषच बसवायचे. एकदा तो पुरुष आला नाही. तळ्यातली सपाट होडी लहानपणापासून हाकलेली एमा मागं जाऊन बसली. पुढच्या वेळी तो आला तेव्हा ती तिथंच होती. तो क्लबचा खजिनदार झाला.

इतकी वर्षं मागं बसल्यामुळे बायकांच्या पाठी तिला तोंडपाठ आहेत. चर्चमध्येही ती शेवटच्या बाकावर बसते. कुणाचं खांद्याचं हाड दुखतंय, कुणाचं नवऱ्याशी भांडण झालंय, ती पाठीवरून सांगते. गेली दोनेक वर्षं मात्र मी एक बघत होते. दुकानात कुणी समोरून आलं की ती गप्प राहायची, माणूस पुढं जायचा, मग त्याच्या पाठीकडे बघून म्हणायची, "काय रे मेलव्हिन, आई बरी आहे का?" लोकांना वाटायचं, म्हातारी लहरी झाली. क्लबच्या शेडमध्ये खिळ्याला रेनकोट टांगला होता, त्याला तिनं विचारलं होतं, "जेवलास का बाळा?" रेनकोटानं उत्तर दिलं नाही तेव्हा ती रागावली होती.

मी काही बोलले नव्हते. मोठ्या माणसाच्या डोळ्यांविषयी कसं बोलायचं?

कावेला मागं पडलं आणि मागून एक गाडी अगदी हळू येऊ लागली. पुढं जाईना. आंटीनं मान वळवली नाही. गाडी आमच्या बरोबरीनं आली. क्लिफर्ड होता, तिच्या बहिणीचा मुलगा, आमचा कोच. शेजारी व्हर्ना बसलेली, मांडीवर कोलमनचा बर्फाचा डबा.

"आंटी, बस गाडीत."

"होलोहोलो चाललेय मी."

"ते गाडीतूनही करता येतं."

"कोण बोलतंय?"

"आता आवाजही ओळखेनाशी झालीस का?"

"आवाज ओळखला रे. बोलणं ओळखू येईना. माझा भाचा मला असं बोलत नाही."

क्लिफर्डनं गाडी पुढं नेऊन आडवी लावली, उतरला आणि तिच्यासमोर उभा राहिला. चांगला मुलगा आहे तो. त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

"आंटी, माझ्या शर्टावर काय लिहिलंय?"

एमाआंटीनं त्याच्या शर्टाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"नेहमीचाच मूर्खपणा," ती म्हणाली.

व्हर्ना गाडीत हसली आणि लगेच खोकली.

"चेष्टा नको. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू आहे, होनोलुलूला जाऊन काढून ये. मी तिकीट काढलं, त्या दिवशी तू कुठं होतीस?"

"हिंडायला गेले होते."

"कोंबड्यांच्या खुराड्यात होतीस! शेजारणीनं सांगितलं मला."

"खुराड्यातही हिंडता येतं."

"आज त्यांच्या होडीला आपली धडकली असती तर?"

वल्ह्याच्या टोकानं तिनं रस्त्यावरचा एक खडा बाजूला केला. पहिल्यांदाच तिची पाठ मला वाकलेली दिसली. इतकी वर्षं माझी पाठ ती बघत आली होती, तिची मी कधी बघितलीच नव्हती.

"मोतीबिंदू काढला की किती दिवस पाण्यात जाऊ देत नाहीत, माहीत आहे ना तुला?" ती हळूच म्हणाली. "सीझन संपतो."

"पुढच्या वर्षी आहे की."

"पुढच्या वर्षी ही बसलेली असेल तिथं." तिनं गाडीकडे वल्हं केलं. "मला माहीत आहे ती जागा कशी मिळते ते."

व्हर्ना खिडकीतून म्हणाली, "आंटी, मला नकोय तुझी जागा. मला तिसरीच बरी. तिथं निदान ओरडता तरी येतं."

"नको म्हणणारेच बसतात," आंटी म्हणाली.

क्लिफर्डनं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "ठीक आहे. शेवटची शर्यत पुढच्या शनिवारी. मंगळवारी प्रॅक्टिसला मी सहाही झेंडे लावतो. ऐनवेळी लेन सांगेन. बरोबर झेंड्याला वळसा घातलास तर शनिवारी सहावी तू. चुकलीस तर व्हर्ना, आणि तू किनाऱ्यावर बसून आंबे खा."

"आंबे पाचकडे आहेत," आंटी म्हणाली. "घेऊन जा दोन."

त्यानं खरंच दोन घेतले. माझ्याकडे बघून डोळ्यांनी म्हणाला, सांभाळ हिला. मग गेले दोघं.

आम्ही चालत राहिलो. समोरून वारा होता, उजव्या हाताला लानाई बेट निळं होत चाललं होतं. तिच्या घराजवळ तळ्याचा दगडी बांध आला तेव्हा ती त्यावर बसली आणि वल्हं आडवं मांडीवर घेतलं. मी पातेलं खाली ठेवलं. हात सुटून पडतील असं झालं होतं.

"आकडे मला दिसत नाहीत," ती तळ्याकडे बघत म्हणाली. "दोन सीझन झाले. झेंडे दिसतात, म्हणजे काहीतरी फडफडतंय एवढं दिसतं. धक्क्याच्या बाजूनं मोजत जाते. आज लाटेनं दोन झेंडे एकामागं एक आले आणि त्यांचा एक झाला. म्हणून चौथा मोजला तो पाचवा निघाला."

"कुणाला तरी सांगायचंस ना गं, आंटी."

"काय सांगायचं? घरात कोंबड्या माझं ऐकत नाहीत. टीव्ही ऐकत नाही. त्या एका होडीत पाच बायका मी उजवीकडे म्हटलं की उजवीकडे जातात. ते पण काढून द्यायचं?"

मी म्हटलं, "आणि डोळे? ते तसेच ठेवणार?"

"क्लिफर्डनं परत तिकीट काढलंय. शर्यतीनंतरच्या सोमवारचं. त्याला वाटतं मला माहीत नाही."

"मग सोमवारी परत होलोहोलो?"

तळ्यात एका माशानं उडी मारली, पाण्यावर वर्तुळ उठलं.

"नाही," ती म्हणाली. "सोमवारी मी विमानानं होनोलुलूला जाणार. डोळ्याच्या डॉक्टरकडे. मोतीबिंदू काढायला."

सोळा वर्षांत मी तिच्या तोंडून कुठं जाणार ते असं सरळ कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "हळू बोल. मासे ऐकतायत."

"ऐकू देत. त्यांनाही कळू दे." मग ती बांधावर माझ्याकडे सरकली, अगदी खांद्याला खांदा लागेपर्यंत, आणि आवाज खाली केला. "पण त्याआधी मला ती शेवटची शर्यत न्यायची आहे. आपल्याच झेंड्याला वळसा घालून. दुसऱ्याच्या झेंड्यावर मला संपायचं नाही. म्हणजे मंगळवारी मला बरोबर झेंडा सापडला पाहिजे. आणि व्हर्नाचे कान तीक्ष्ण आहेत."

मला अजून कळलं नव्हतं. ती एकेक बोट दुमडत म्हणाली, "एक. दोन. तीन. च्यार. पाच. सहा. बरोबर ना?"

"बरोबर."

"तू वल्हं मारताना राम राम करतेस, ते सगळ्यांना माहीत आहे. कुणी ऐकतसुद्धा नाही आता."

मग मला कळलं. मी म्हटलं, "आंटी, ते देवाचं नाव आहे."

"म्हणूनच विचारतेय. दुसऱ्या कशात घातलं असतं तर विचारलं नसतं."

"आणि मीच झेंडा सांगितला तर सुकाणू कुणी धरलं म्हणायचं?"

"वल्हं माझ्या हातात असेल की तुझ्या?" ती म्हणाली. "हे बघ, तू काही खोटं बोलायचं नाहीस. समोर जे दिसेल तेवढंच. होडीचं नाक ज्या झेंड्याकडे असेल, त्याचा आकडा रामाच्या मागं लाव. राम राम तीन. राम राम च्यार. बाकी मी बघते. तुझ्या देवाला चालेल का, ते घरी जाऊन त्याला विचार. मंगळवारपर्यंत वेळ आहे. नाही म्हणाला तर मला येऊन सांग, मी रागावणार नाही. पण पाच, त्याला विचारताना एवढं सांग, की मागणारीचं आडनाव कापुले आहे, आणि नीट विचार."